सल्ले देत देत रॅम परत करण्याची मुदत संपवली

नवी रॅम (कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी) टाकल्यावर कॉम्प्युटर बंद पडू लागला की विकणारा जे उपाय सुचवतो, ते सगळे ऐकायला पटतात. पटतात, कारण त्यातला प्रत्येक उपाय कुठल्या तरी मशीनवर खरोखर लागू पडलेला असतो. माझी फसवणूक याच जागी झाली. लेबल बदललेली रॅम गळ्यात मारली हे तर झालंच, पण तो माल परत करण्याचे दिवस ‘आधी हे करून बघा, मग ते करून बघा’ यात पद्धतशीर खाल्ले गेले. हे दुसरं जास्त गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी ऑनलाइन विक्रेत्याकडून रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या) घेतल्या होत्या. डीडीआर४ (रॅमची एक पिढी), ३२०० स्पीड, नावाजलेल्या कंपनीचं लेबल, दोन्ही बाजूंना धातूचं कवच आणि वर्णनात ‘नवीन, सीलबंद’ असे शब्द. बसवल्या, १६ जीबी दिसली, मशीन जलद झालं. मग काम करता करता ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा निळा पडदा) येऊ लागला. त्यावर एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, एकदा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, पुढे ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. ड्रायव्हर (एखादा भाग चालवणारं सॉफ्टवेअर) बिघडला असेल तर बहुतेक वेळा तोच संदेश पुन्हा पुन्हा येतो. दर वेळी वेगळा संदेश येत असेल तर संशयाची सुई आधी रॅमवर जायला हवी.

विक्रेता बोलायला अतिशय नम्र. आधी म्हणाला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाका. मग म्हणाला, विंडोज नव्याने टाका, जुन्या इन्स्टॉलेशनला नवी रॅम मानवत नाही. हे साफ खोटं आहे, रॅम वाढवल्यावर विंडोज पुन्हा टाकावं लागत नाही. त्यानंतर बायोस (मदरबोर्डच्या चिपमधलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करायला सांगितलं. रॅमवर संशय असताना ती मशीनमध्ये ठेवून बायोस अपडेट करू नका, हे मी कळकळीने सांगतो. अपडेटच्या मधेच मशीन कोसळलं किंवा चुकीचा डेटा चिपवर लिहिला गेला, तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची वेळ येते. एवढं झाल्यावर पॉवर सप्लायवर खापर फुटलं, मग मदरबोर्डवर. प्रत्येक उत्तर यायला मधे काही दिवस जात होते.

शेवटी तो म्हणाला, बायोसमध्ये जाऊन स्पीड २४०० करा. केला, आणि क्रॅश थांबले. त्याचं लगेच उत्तर, “बघा, रॅम चांगलीच आहे, तुमचा बोर्ड ३२०० पेलत नाही.” हेही ऐकायला पटतं. काही बोर्ड आणि प्रोसेसर खरोखर ३२०० पेलत नाहीत, विशेषतः रॅमचे चारही स्लॉट (खाचा) भरलेले असतील तर. पण माझ्या बोर्डाच्या आणि प्रोसेसरच्या अधिकृत माहितीत ३२०० दिलेला आहे. शिवाय मित्राच्या मशीनमधली ३२०० ची स्टिक आणून त्याच स्लॉटमध्ये लावली, तेव्हा ती त्याच स्पीडवर बिनतक्रार चालली. म्हणजे बोर्ड ठीक होता. मला २४०० वर धड चालणारी रॅम ३२०० म्हणून विकली गेली होती.

मग मी मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेतलं. हे विंडोज सुरू होण्याआधीच चालतं, त्यामुळे विंडोज किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. एका वेळी एकच स्टिक, स्लॉट तोच. दोन्ही स्टिकनी ३२०० वर एरर दिले. स्लॉट बदलूनही एरर स्टिकच्या मागेच गेले. अशा चाचणीत ‘थोडे एरर चालतात’ असं काही नसतं, एकही एरर आला तरी रॅम नापास. विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी मात्र आधी काहीच पकडू शकली नव्हती. तिच्या ‘दोष नाही’ या निकालावर कधीच थांबू नका.

खरा पुरावा सीपीयू-झेड या मशीनची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एसपीडी टॅबमध्ये मिळाला. एसपीडी म्हणजे रॅमने स्वतःबद्दल साठवलेली माहिती. प्रत्येक रॅम स्टिकवर एक छोटी चिप असते. त्यात क्षमता, स्पीड, उत्पादक, अनुक्रमांक आणि कुठल्या वर्षीच्या कितव्या आठवड्यात स्टिक तयार झाली ते लिहिलेलं असतं. बायोस तीच माहिती खरी धरून चालतो, आणि योग्य उपकरण असेल तर ती माहिती पुन्हा लिहिता येते. माझ्या दोन्ही स्टिकचा अनुक्रमांक एकच निघाला. लेबलांवर मात्र दोन वेगळे अनुक्रमांक छापलेले होते, आणि आत लिहिलेला आठवडा लेबलवरच्या तारखेशी जुळत नव्हता. (काही उत्पादक अनुक्रमांकाच्या जागी नुसती शून्यं ठेवतात, तेवढ्यावरून कुणावर आरोप करू नये. पण दोन स्टिकवर तोच भरलेला क्रमांक असेल तर एकाची माहिती दुसरीवर उतरवली आहे असंच मानावं.) लेबलवर ज्या कंपनीचं नाव होतं तिला फोटो पाठवले. हे अनुक्रमांक या मालाचे नाहीत, असं त्यांनी लेखी कळवलं.

तोवर परत करण्याची मुदत उलटली होती. विक्रेता म्हणाला, वॉरंटीत पाठवा. पाठवल्यावर उत्तर आलं की कवच उचकटलेलं आहे, त्यामुळे वॉरंटी रद्द. पाठवण्याआधीचे माझे फोटो त्याला दाखवले, त्यात कवच जसंच्या तसं दिसतंय. त्यानंतर उत्तरं येणं बंद झालं. स्टिक परत आल्यावर मी कवच काढलं. आतल्या चिपांचा पृष्ठभाग घासल्यासारखा मंद होता आणि एकाच स्टिकवर दोन प्रकारच्या छपाईच्या चिपा होत्या. हा सगळा डाव कवचामुळेच जमतो. चिपा बघायच्या तर कवच काढायला हवं, आणि काढलं की वॉरंटी गेली.

पैशांपेक्षा मला जास्त लागलं ते फाइलींचं. सदोष रॅममधून जाणारी प्रत्येक गोष्ट बिघडू शकते, आणि बिघडल्याचं कुणी सांगत नाही. त्या काळात मी जुनी कौटुंबिक छायाचित्रं एका डिस्कवरून दुसरीवर हलवत होतो. त्यातली काही अर्ध्यापर्यंत ठीक आणि खाली नुसती राखाडी निघाली. झिप फाइली उघडताना सीआरसी एरर (आतला डेटा बदलल्याची खूण) आले. बॅकअप त्याच मशीनवरून घेतला असल्यामुळे तोही विश्वासाचा राहिला नाही. म्हणून क्रॅश सुरू होताच नवी रॅम काढून ठेवा, जुनी लावा, आणि तोवर एकही महत्त्वाची फाइल हलवू नका.

रॅम घेणार असाल तर पाकीट उघडतानाच लेबलचे स्पष्ट फोटो आणि व्हिडिओ घ्या. ती घरी आली त्याच दिवशी दुसरं कुठलंही काम सुरू करण्याआधी एकेक स्टिक मेमटेस्टवर रात्रभर लावून ठेवा. एक्सएमपी प्रोफाइल (उत्पादकाने रॅममध्ये भरून ठेवलेली जलद सेटिंग) असेल तर आधी ते बंद ठेवून आणि मग चालू करून तपासा. एक्सएमपी म्हणजे बहुधा ठरलेल्या मानकाच्या वरचा स्पीड असतो, तिथे एरर आला तर दोष प्रोसेसरच्या बाजूचाही असू शकतो. एक्सएमपी बंद असताना एरर आला, तर बहुधा ती स्टिक, स्लॉट किंवा बोर्ड यांचा प्रश्न उरतो, आणि स्लॉट बदलून व चांगली स्टिक लावून तो सुटतो. स्टिक काढून पुन्हा घट्ट बसवणं आणि जुन्या-नव्या स्टिक एकत्र न ठेवता तपासणं, एवढं करूनच तक्रार करा, म्हणजे तुमचा दावा पक्का राहतो. एसपीडीचा स्क्रीनशॉट लेबलशी ताडून बघा.

एरर दिसला की विक्रेत्याला ‘काय करू?’ असं विचारू नका. परत करण्याची विनंती त्याच दिवशी विक्री संकेतस्थळावरूनच नोंदवा, फोनवर किंवा खासगी संदेशांत नव्हे, आणि मेमटेस्टच्या निकालाचा फोटो जोडा. त्याला उपाय सुचवायचे असतील तर त्याने ते त्या नोंदीनंतर सुचवावेत.