फवारणी पंपाची बॅटरी, अन् मग लिथियमची

दारव्हा तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात निम्मं काम फवारणी पंपांचंच असतं. त्यामुळे पाच इंची गो-टू, म्हणजे बटन दाबलं की मोटरने स्वतःच ताऱ्याकडे वळणारी, दुर्बीण घेतली तेव्हा बॅटरीसाठी डोकं खाजवलंच नाही. बाकावर पडलेली पंपाची 12 व्होल्ट 8 एएचची (एएच म्हणजे अँपिअर गुणिले तास) बॅटरी उचलली, दोन मगरचिमटे लावले अन् शेतात गेलो. दोन हिवाळे तिच्यावर निघाले. या हंगामात अमरावतीहून 12 एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणली, दुकानदार तिला एलएफपी म्हणतात. चार महिने वापरून झाल्यावर लिहितोय.

आधी जुनी का सोडली ते. मागच्या डिसेंबरात आळीतली सात-आठ पोरं आली होती. ब्रह्महृदय अन् व्याध हे तारे धरून अलाइनमेंट केली, म्हणजे दुर्बिणीला आकाशाची दिशा ओळखून दिली, मृगातला तेजोमेघ दाखवला, पोरं खूश. गुरूकडे वळवायचं बटन दाबलं तर मोटर कण्हली, रिमोटची लाइट गेली अन् परत आली. पुन्हा पहिल्यापासून तारीख टाका, वेळ टाका, तारे धरा. ‘दादा, बंद पडली का?’ मल्टिमीटर लावून पाहिला तर नुसती असताना 12.3 व्होल्ट, मोटर पळताना 10.8. शिसाच्या बॅटरीचा हा जुना खोडसाळपणा. नुसती पडून असताना साळसूद दिसते, काम सांगितलं की बसते. गिऱ्हाइकाला मी हे रोज सांगतो, स्वतःच्या वेळी विसरलो.

खरं तर निम्मा दोष माझ्या वायरचा होता. घरात पडलेली अर्ध्या चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर वापरली होती. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, त्यातून 3 अँपिअर ओढले की अर्ध्या व्होल्टहून जास्त वायरीतच जातो. अडीच चौरस मिलिमीटरची लावली, मगरचिमटे फेकून स्क्रूचे टर्मिनल बसवले, तर त्याच बॅटरीवर अजून दोन तास मिळाले. नवी बॅटरी घ्यायच्या आधी हा दीडशे रुपयांचा इलाज करून पाहा.

माझा खर्च सांगतो. तारा धरून ठेवायला दुर्बीण साधारण 0.6 अँपिअर घेते, वळताना 2 पर्यंत जाते. दव पडलं की पुढच्या काचेभोवती हीटर लागतो. आमच्याकडे हरभऱ्याला पाणी चालू असलं की नऊ वाजताच काच पांढरी होते. हीटर मी घरीच केला, 330 ओहमचे एक वॅटचे 20 रेझिस्टर समांतर जोडून कापडी पट्टीत शिवले. तो पाऊण अँपिअर घेतो. म्हणजे सरासरी दीड अँपिअर धरा. संध्याकाळी सात ते रात्री एक म्हणजे 9 एएच. पंपाच्या 8 एएचच्या बॅटरीतून निम्मंच काढावं, नाहीतर ती वर्षभरात मरते. हिशोब तिथंच संपतो.

एलएफपी घेताना पहिल्यांदा फसलो. ऑनलाइन एक मागवली, स्टिकरवर 20 एएच. हातात घेतल्यावरच शंका आली, म्हणून शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. 700 ग्रॅम. उघडून पाहिली तर आत 32700 मापाचे चारच सेल. असा एक सेल 6 एएचचा, वजन साधारण 140 ग्रॅम. चार सेल एकामागे एक जोडले की 12.8 व्होल्ट होतात, पण एएच सहाच राहतात. 12 एएचला आठ सेल लागतात, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. स्टिकर वाचू नका, काटा वाचा.

अमरावतीच्या दुकानदाराने ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बाजूला सारून माझ्यासमोर पॅक वजन करून दिला. दीड किलो भरला. चार्जरसकट 3,900 रुपये. घरी आणून गाडीच्या इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब लावला अन् घड्याळ लावून बसलो. 6 तास 20 मिनिटं चालला, म्हणजे 11 एएच नक्की. शेतात पहिल्या रात्री मोटर पळवताना मीटर 13 च्या खाली गेला नाही. मिथुन राशीतला उल्कावर्षाव होता त्या रात्री दीड वाजेपर्यंत हीटरसकट चालली, एकदाही रिमोट विझला नाही.

तक्रारी दोन. एक, ही बॅटरी कळू देत नाही. शेवटपर्यंत 13 दाखवते अन् मग आतलं सर्किट खटकन तोडतं, अंधारच. मी आता तासांचा हिशोब वहीत ठेवतो. दुसरी, तिच्यासोबत आलेली वायर केसासारखी बारीक, फ्यूज नाहीच. 5 अँपिअरचा फ्यूज मी बसवला. अन् कंपनीच्या कागदावर 45 अंशांच्या वर चार्ज करू नका असं लिहिलंय. मे महिन्यात माझ्या टिनाच्या दुकानात सकाळी अकराला तेवढं असतंच, तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंग पहाटेच.

इतर पर्यायांबद्दल विचारतात म्हणून. 20,000 एमएएचची पॉवर बँक म्हणजे 12 व्होल्टवर जेमतेम 5 एएच, अन् भार कमी झाला की ती झोपी जाते. ट्रॅक्टरची बॅटरी फक्त सेल्फ मारण्यासाठी असते, रात्रभर चोखली तर सकाळी ट्रॅक्टर ढकला. घरातली इन्व्हर्टरची ट्यूब्युलर उत्तम, पण 50 किलोच्या वर आहे, ती धुऱ्यावरून कोण नेणार?

सध्या मात्र बॅटरी माझ्याकडे नाही. तुरीवर अळी आली तेव्हा बाबांनी ती पंपात बसवून पाहिली. ‘अरे, हे तं लय हलकं हाय बाप्पा,’ म्हणाले, अन् तेव्हापासून परत दिली नाही. अमावास्येला मागून घेतो.