पिल्लं विकत आणायची की डुकरीण पाळायची?

गोव्यात वराहपालन सुरू करायचं तर वाटा दोन. दोन महिन्यांची पिल्लं आणून वाढवून विकायची, नाहीतर डुकरीण पाळून पिल्लं घरचीच घ्यायची. खर्चाचा सुमारे ७० टक्के भाग खाद्याचा असतो, म्हणून हिशेब तिथूनच मांडावा.

पिल्लं आणणाऱ्याला इथला हंगाम साथ देतो. ऑक्टोबरात किनाऱ्यावरची हॉटेलं भरू लागतात, उष्टं मुबलक मिळतं. तेव्हा आणलेलं १०-१५ किलोचं पिल्लू नीट खाल्लं तर मेपर्यंत ८०-९० किलो भरतं, म्हणजे ऐन पुरुमेंताच्या (पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या) चोरिसांच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार सॉसेजच्या, वेळी. पावसाळ्यात उष्टं आटतं तेव्हा शेड रिकामी करून धुता येते. उष्ट्यात बरंचसं पाणीच असतं, त्यामुळे कोंडा, मक्याचा भरडा आणि पेंड जोडीला हवीच. आणि उष्टं चांगलं उकळूनच घाला, यात तडजोड नको. २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा रोग आहे, त्यावर औषध नाही, आणि तो उष्ट्यातल्या मांसाच्या तुकड्यातूनही शिरतो. विकत आणलेल्या पिल्लांबरोबरही रोग येतो, भाव तर विकणाराच ठरवतो.

डुकरीण मात्र बारा महिने खाते, वर्षाला साधारण टनभर. तिची ८ पिल्लं जगोत की १६, हा खर्च फारसा बदलत नाही. म्हणून किती जन्मली यापेक्षा दूध तुटेपर्यंत किती टिकली, ते मोजा. पहिल्या दोन-तीन दिवसांत बरीच पिल्लं आईखाली चिरडतात. ती भिंतीला घासत अंग टाकते. भिंतीपासून आणि जमिनीपासून २०-२५ सेंमी अंतरावर लोखंडी पाइप बसवला की पिल्लाला सटकायला जागा मिळते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लांना लोहाचं इंजेक्शन द्यावंच लागतं. माज दर २१ दिवसांनी येतो, एक हुकला की तेवढ्या दिवसांचं खाद्य फुकट. गाभणकाळ ११४ दिवसांचा; नाताळला नऊ महिन्यांचा माल हवा तर आदल्या नोव्हेंबरातच नर दाखवावा लागतो.

जातीचं थोडक्यात: आगोंदा गोवन ही इथली नोंदणीकृत जात काटक, पण लहान चणीची. वजनावर विकायचं असेल तर लार्ज व्हाइट यॉर्कशायर या मोठ्या विलायती जातीचा संकर घ्या.

नोकरी सांभाळून करणाऱ्याने पहिला हंगाम विकतच्या पिल्लांवरच काढावा, असं मी ठामपणे सांगेन. विण्याच्या रात्री शेडमध्ये बसायला घरात माणूस असेल, आणि पावसाळ्यातल्या खाद्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असतील, तरच डुकरीण आणा.