बिनफेडरचा मिक्सर : छोट्या मैफलींसाठी बेहरिंगर एक्सआर १८

बेहरिंगरचा एक्सआर १८ रंगमंचावर ठेवला, की साथीदारांपैकी कोणीतरी हमखास विचारतो, "दादा, मिक्सर अजून आला नाही का?" प्रश्न रास्त आहे, कारण समोर असते ती तीन किलोंहून थोडी जड काळी पेटी, तिच्यावर सॉकेटांच्या रांगा आणि हेडफोनचा आवाज कमीजास्त करण्याचा, त्या गर्दीत हरवलेला एक नॉब. आवाज वरखाली करणारी सरकपट्टी, म्हणजे फेडर, नाही, आवाजातला जाड-बारीकपणा बदलणाऱ्या इक्वलायझरच्या नॉबांची ओळ नाही. सगळे नियंत्रण टॅब्लेटवरच्या किंवा लॅपटॉपवरच्या ॲपमधून. गेली काही वर्षे शंभर ते अडीचशे श्रोत्यांच्या शास्त्रीय व सुगम संगीताच्या मैफलींसाठी मी हाच मिक्सर वापरत आहे, आणि पुढील मजकूर त्याच कामापुरता आहे. डीजे किंवा बँजो पथकाच्या गरजा वेगळ्या असतात.

अशा मैफलीला माइक किती लागतात, ते आधी मोजावे. गायकाचा एक, मागे बसून स्वर देणाऱ्या शिष्याचा एक, पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा, एक, तबला आणि डग्गा यांचे दोन, व्हायोलिन किंवा बासरी असल्यास एक, टाळाचा एक आणि निवेदकाचा एक, असे आठ माइक सहज होतात, आणि त्याशिवाय इलेक्ट्रॉनिक तानपुरा माइकशिवाय, तारेने थेट लाइनवर घ्यावा लागतो. एक्सआर १८ मध्ये माइकसाठी सोळा जागा आणि लाइनसाठी दोन जागा आहेत, म्हणजे अर्धा मिक्सर मोकळाच राहतो. माइकचा क्षीण आवाज वाढवणारे प्रीअँप मिडास या जुन्या इंग्लिश कंपनीच्या आराखड्यावरचे आहेत. ही कंपनी २००९ च्या अखेरीस बेहरिंगरच्या मूळ समूहाने विकत घेतली. जाहिरातीत या नावाचा जेवढा गाजावाजा होतो, तेवढा फरक अडीचशे माणसांच्या सभागृहात कानाला जाणवेल असे मला वाटत नाही. आवाज स्वच्छ येतो, खरखर जाणवत नाही आणि फँटम पॉवर (कंडेन्सर प्रकारच्या माइकांना लागणारी वीज) प्रत्येक माइकला स्वतंत्रपणे देता येते, एवढे आपल्या कामाला पुरे आहे.

या मिक्सरची खरी किंमत वसूल होते ती मॉनिटरमध्ये, म्हणजे कलाकारांना ऐकवण्यासाठी त्यांच्यापुढे ठेवलेल्या स्पीकरांमध्ये. गायकाला स्वतःचा आवाज, तानपुरा आणि थोडी पेटी हवी असते. तबलजीला गायक हवा असतो आणि स्वतःचा तबला जवळजवळ नको असतो. पेटीवाल्याला तर पेटी अजिबातच नको असते, कारण ती त्याच्या मांडीपुढेच वाजत असते. यामाहाचा एमजी १२ एक्सयू हा या वर्गातला भरवशाचा ॲनालॉग मिक्सर आहे, पण त्याला ऑक्स (मॉनिटरसाठी वेगळे मिश्रण पाठवणारी वाट) दोनच, आणि त्यांतला एक इफेक्टशी वाटून घेतलेला. त्यामुळे सगळ्यांना एकच मिश्रण ऐकवून, "तुम्ही जरा सांभाळून घ्या" म्हणण्याची वेळ येते. एक्सआर १८ ला सहा स्वतंत्र ऑक्स आहेत आणि प्रत्येकावर एकतीस पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर लावता येतो. कलाकार येण्याआधी मी गायकाच्या माइकचा आवाज त्याच्या मॉनिटरमध्ये हळूहळू वाढवत नेतो. मॉनिटरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून शिट्टी सुरू होण्याच्या बेताला आली, की ॲपमधला वर्णपट, म्हणजे आवाजाचा पट्टीवार आलेख, नेमकी कोणती पट्टी उसळते आहे ते दाखवतो आणि तेवढीच पट्टी तीन-चार डेसिबल खाली ओढतो. अशा तीन किंवा चार पट्ट्या झाल्या, की थांबावे. आठ-दहा ओढल्या तर शिट्टी जाते, पण तिच्याबरोबर आवाजातला जीवही जातो, आणि मग गायक "आवाज मागून येतोय" अशी तक्रार करतो, जी अगदी बरोबर असते. डग्ग्याचे घुमणे मात्र मॉनिटरच्या इक्वलायझरवर सोडू नये. ते त्याच्या स्वतःच्या चॅनेलवर, चार पट्ट्यांच्या पॅरामेट्रिक इक्वलायझरने (ज्यात पट्टीची जागा आपल्याला सरकवता येते) नेमके शोधून कमी करावे, नाहीतर गायकाचा खर्जही त्याबरोबर पातळ होतो.

दुसरा लाभ जागेचा. पूर्वी रंगमंचापासून सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत मल्टिकोर केबलचे जाड वेटोळे ओढावे लागे आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, खांबाआड किंवा बाल्कनीखाली, जिथे आवाज सर्वांत वाईट येतो तिथे बसून मिक्सिंग करावे लागे. आता मिक्सर रंगमंचाच्या कडेला राहतो आणि मी टॅब्लेट घेऊन सहाव्या रांगेत बसतो. मध्यंतरापूर्वी एकदा शेवटच्या रांगेपर्यंत फिरून येतो. पहिल्या रांगेत तबला गायकाच्या डोक्यावर बसला आहे आणि शेवटच्या रांगेत तो ऐकूच येत नाही, हे एका जागी बसून कधीच कळत नसे.

आता अडचणींकडे वळू. मिक्सरमध्ये वाय-फाय आहे, पण ते २.४ गिगाहर्ट्‌झवरच चालते, आणि श्रोत्यांच्या दोनशे मोबाइलांनी तीच लहर व्यापलेली असते. शिवाय मिक्सर कारखान्यातून निघतो तो बिनपासवर्डच्या नेटवर्कसह, म्हणजे तिसऱ्या रांगेतल्या एखाद्या उत्साही मुलाने तेच ॲप उतरवून घेतले, तर तुमच्या मैफलीचा फेडर त्याच्या हातात जाऊ शकतो. म्हणून माझा आग्रह असा आहे, की अंगभूत वाय-फाय फक्त घरी सरावासाठी वापरावे आणि कार्यक्रमाला ५ गिगाहर्ट्‌झचा एक साधा राउटर इथरनेटच्या तारेने जोडावा, पासवर्ड घालावा, आणि राउटर व मिक्सर दोन्ही छोट्या यूपीएसवर ठेवावेत. संपर्क तुटला तरी आवाज बंद पडत नाही, जसा होता तसाच चालू राहतो, ही जमेची बाजू. पण त्याच क्षणी गायकाने तार सप्तकात उडी मारली, तर तुम्ही हात बांधून पाहत बसता. मिक्सरवर एकही फेडर नसल्याचा अर्थ तेव्हा नीट उमगतो.

या अर्थाचा आणखी एक पैलू मला दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात कळला. एका सोसायटीच्या मैदानात, साडेपाच वाजता, तबलजी हातोडीने गजरा ठोकत होता आणि मी टॅब्लेट मांडीवर घेऊन बसलो होतो. दव पडत होते. पडद्यावर ओलावा साचला आणि बोट एका चॅनेलवर ठेवले की शेजारचा हलू लागला. निवेदकाचा आवाज कमी करायला गेलो, तर पेटी वर गेली. शेवटी उपरण्याच्या टोकाने पडदा पुसत पुसत पहिली दोन गाणी काढली. तेव्हापासून उघड्यावरच्या कार्यक्रमाला लॅपटॉप आणि माउस सोबत असतात, आणि टॅब्लेट फक्त फिरताना वापरतो. थंडीत ओल्या बोटांना दाद देणारा फेडर स्वस्तातल्या ॲनालॉग मिक्सरवरही असतो, हे मान्य करायला हवे.

माझ्याच हातून घडलेली एक चूकही सांगतो, कारण नवशिक्याकडून ती होणारच. मिक्सरमध्ये पूर्ण मांडणी स्नॅपशॉट म्हणून साठवता येते. आदल्या मैफलीची मांडणी चांगली जमली होती, म्हणून दुसऱ्या सभागृहात, माइक चालू असताना आणि कलाकार बसलेले असताना, ती मी तशीच परत बोलावली. तिच्याबरोबर आदल्या दिवशीचे गेन (प्रत्येक माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण) आणि मॉनिटरची पातळीही आली आणि शिट्टी अशी उठली, की गायिकेने दोन्ही कानांवर हात ठेवले. मांडणीतले काय परत आणायचे आणि काय आहे तसे राहू द्यायचे, हे ॲपमध्ये ठरवता येते. ते आधी ठरवावे, आणि तरीही मुख्य आवाज बंद करूनच स्नॅपशॉट बोलवावा.

बाकीच्या सोयींचा उल्लेख थोडक्यात करतो. रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेली घुमणारी आस, पुरेसा गोड आहे. आपल्याकडचे गायक त्याला सर्रास एको म्हणतात आणि नेहमी गरजेपेक्षा थोडा जास्त मागतात, तेव्हा तो त्यांच्या मॉनिटरमध्ये वाढवावा आणि श्रोत्यांना कमीच द्यावा. परिसंवादात चार वक्त्यांचे चार माइक उघडे असतील, तर ऑटोमिक्स बोलणाऱ्याचा माइक आपोआप वर आणि इतरांचे खाली ठेवतो. व्याख्यानमालेच्या संयोजकांना याचे महत्त्व सांगून कळत नाही, पण पहिल्याच सत्रात ऐकून कळते. यूएसबीच्या एका तारेने अठराही चॅनेल लॅपटॉपवर वेगवेगळे मुद्रित होतात, त्यामुळे गायकाला दुसऱ्या दिवशी "तबला जास्त आहे" असे वाटले, तर तो घरी बसून कमी करता येतो.

ज्या भजनी मंडळाला तीन माइक आणि एक ढोलकी एवढाच संसार आहे, किंवा ज्या देवळात दर गुरुवारी वेगळा कार्यकर्ता आवाजाची व्यवस्था पाहतो, त्यांनी या मिक्सरच्या वाटेला जाऊ नये. तिथे फेडर असलेला छोटा ॲनालॉग मिक्सरच बरा, कारण तो कोणालाही पाच मिनिटांत समजावता येतो. एक माणूस कायम जबाबदारी घेणार असेल आणि तीन-चार कलाकारांना वेगवेगळे मॉनिटर द्यायचे असतील, तर मात्र मी हाच घ्या म्हणेन, आणि राउटर, यूपीएस व टॅब्लेटचा खर्च आधीच धरून ठेवा असेही सांगेन. वापरलेला मिळत असेल, तर एकच माइक आणि एकच केबल घेऊन सोळाही सॉकेटांत आळीपाळीने लावून पाहावी, प्रत्येक ठिकाणी फँटम देऊन एक कंडेन्सर माइक तपासावा, आणि केबल हलवल्यावर कडकड आवाज करणारे सॉकेट एकही आढळले तरी दुसरा शोधावा.