नागावचा बंगला, किचनसकट, जो नव्हताच

आधीच सांगते, आम्ही अगदीच भोळे नाही, नवरा बँकेत आहे (हो बँकेत, हसा). नाताळच्या सुट्टीत दोन रात्री नागावला जायचं ठरलं. सासूबाईंचं पथ्य, धाकट्याला बाहेरचं तिखट चालत नाही, म्हणून हॉटेल नको, स्वतः रांधता येईल असा बंगला हवा होता. इन्स्टावर एक पेज दिसलं, बीच तीन मिनिटांवर, तीन बेडरूम, ओटा, गॅस, फ्रिज, सगळं मिळून रात्रीला ९,०००. नाताळात, नागावला, ९ हजारात! तिथेच खटकायला हवं होतं खरं तर.

पण त्या माणसाने मला बरोबर पकडलं. मी व्हॉट्सॲपवर विचारत गेले, कुकर केवढा, पोळपाट-लाटणं आहे का, प्यायचं पाणी कुठलं, आणि तो न कंटाळता उत्तरं देत गेला. "ताई कुकर ५ लिटरचा, नारळ खवायला विळी पण आहे." विळी म्हटल्यावर मी विरघळलेच, फसवणारा माणूस विळीपर्यंत कशाला जाईल? ९,००० ॲडव्हान्स पाठवला. सासरे मूळचे राजापूरचे, ते फोटो बघून म्हणाले, "भिंती जांभ्या चिऱ्याच्या आहेत आणि मागे सडा दिसतोय, आमच्याकडचं कातळाचं पठार, हे नागाव नव्हे." मी म्हटलं बाबा, चिरा आता सगळीकडे नेतात. सड्याचं काय ते मी ऐकलंच नाही.

निघायच्या आदल्या रात्री मेसेज, ५,००० डिपॉझिट, परत मिळणार, आत्ता नाही भरलं तर बुकिंग दुसऱ्याला. पोरांनी बॅगा भरलेल्या, मग काय, भरले.

सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी चढवली, मांडव्याला उतरून नागावला पोचलो, आणि मॅपचा पिन एका सुपारीच्या वाडीत जाऊन थांबला. विहीर, वाळत टाकलेली सुपारी आणि एक मावशी. आमच्या डिकीतली कणिक, भाजी बघून म्हणाल्या, "परत? मागच्या रविवारी पण पुण्याची लोकं येऊन गेली."

फोन केला तर तो म्हणे चूक झाली, सगळे पैसे परत करतो, आणि चक्क क्यूआर पाठवला, स्कॅन करून यूपीआय पिन टाका. तिथे मात्र नवऱ्याची बँक कामी आली. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच.

गाडीत बसूनच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. व्यवहारांचे यूटीआर नंबर (प्रत्येक पेमेंटचा ॲपमध्ये दिसतो तो) हाताशी ठेवा, ते विचारतात, आणि जितक्या लवकर फोन तितकं बरं. आमचे आदल्या रात्रीचे ५,००० समोरच्या खात्यात होल्ड झालेत, हातात अजून आले नाहीत. आधीचे ९,००० गेले ते गेलेच.

घरी येऊन फोटो गूगल लेन्सवर टाकले, दोन मिनिटांचं काम, बंगला गणपतीपुळ्याजवळचा निघाला. ते मालक बिचारे वैतागलेत, आमच्यासारखे फोन त्यांना बरेच येतात. बुकिंगआधी व्हिडिओ कॉल मागा, पण गेटच्या बाहेरच्या रस्त्यापासून सुरू करायला लावा, नुसती खोली दाखवली तर मानू नका.

काल तेच किचन परत दिसलं, नवीन पेज, यावेळी गाव दिवेआगर. बहिणीच्या फोनवरून विचारलं, विळी आहे का. आहे म्हणे.