पीएचपी-एफपीएम: काम चोख, मूळ आकडे मात्र खेळण्यातले

एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मागे पीएचपी भाषेतली साइट चालवायची म्हटले की पहिले नाव एफपीएमचेच, म्हणजे पीएचपीच्या प्रोसेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामचे. २०१० मध्ये पीएचपी ५.३.३ पासून ते पीएचपीसोबतच येते. एका वेळी किती विनंत्या चालवायच्या ते ठरवणे आणि बाकीच्यांना रांगेत उभे करणे, हे त्याचे काम. ते काम ते चोख करते. तक्रार आहे ती मूळ, म्हणजे आपण काही न बदलता लागू असणाऱ्या, आकड्यांबद्दल.

मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे वर्करांची (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेसची) कमाल संख्या, मुळात ५! पाच जणांनी एखादे जड पान उघडले की सहावा खोळंबला. मग लॉगमध्ये 'मर्यादा गाठली, वाढवून पाहा' अशा अर्थाची ओळ येते आणि लोक ५ चे थेट २०० करून मोकळे होतात. ४ जीबीच्या मशीनवर याचा शेवट ठरलेला: मेमरी संपते, स्वॅप (मेमरीऐवजी डिस्क वापरणे) सुरू होतो आणि कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सगळ्यात लठ्ठ प्रोसेसचा बळी घेतो. ती बहुधा डेटाबेसची, म्हणजे मायएसक्यूएलची, असते.

आकडा मोजूनच टाका. एक वर्कर किती मेमरी खातो ते ऐन गर्दीत पाहा, आणि आरएसएस (सामायिक मेमरीही पूर्ण मोजणारा आकडा) नव्हे तर पीएसएस (ती वाटून मोजणारा) धरा. ऑपकॅशची (तयार पीएचपी कोड साठवणाऱ्या सोयीची) सामायिक मेमरी आरएसएसमध्ये प्रत्येक वर्करच्या नावावर पुन्हा पुन्हा चढते. समजा ४ जीबीतून डेटाबेसला १ आणि सिस्टिम, एनजिनएक्स वगैरेंना ०.६ सोडले, तर उरले २.४ जीबी. वर्कर ६० एमबीचा असेल तर ४० मावतात, ३५ ठेवा. मायएसक्यूएलची कनेक्शन-मर्यादा मुळात १५१ असते. प्रत्येक वर्कर साधारण एक कनेक्शन धरतो, म्हणून तीन ॲप सर्व्हर एकाच डेटाबेसवर असतील तर तिघांच्या वर्करांची बेरीज तिच्या आत बसली पाहिजे.

फक्त ॲपसाठी वाहिलेल्या मशीनवर स्टॅटिक, म्हणजे वर्करांची संख्या कायम तीच ठेवणारी, पद्धतच घ्या. गर्दीप्रमाणे संख्या बदलणाऱ्या डायनॅमिकमध्ये मोकळे वर्कर कमी पडले की दर सेकंदाला १, २, ४ असे दुपटीने, फार तर ३२ पर्यंत, नवे वर्कर उभे राहतात. हळूहळू चढणाऱ्या गर्दीला हे पुरते. निकालाच्या दिवशी एकाच्या ठोक्याला उसळणाऱ्या गर्दीत मात्र पहिली काही सेकंदे हातची जातात. शिवाय कमाल वर्करांपुरती मेमरी राखून ठेवावीच लागते, मग वाचवले काय? ऑनडिमांड (विनंती आली तरच वर्कर उभा करणारी पद्धत) एकाच सर्व्हरवरच्या पन्नास निवांत साइटींसाठी उत्तम.

रांगेची लांबी, म्हणजे बॅकलॉग, ५११. पण लिनक्स ५.४ च्या आधीच्या कर्नलवर सोमॅक्सकॉन (रांगेवरची कर्नलची मर्यादा) मुळात १२८ असल्याने खरी रांग तेवढीच. युनिक्स सॉकेटची (एकाच मशीनवरच्या प्रोग्रामांमधल्या जोडणीची) रांग भरली की एनजिनएक्स तत्काळ ५०२ हा एरर देते. रांग लांबवून फारसे साधत नाही. ६० सेकंदांनी ५०४ हा वेळ संपल्याचा एरर येतो, माणूस कंटाळून पान पुन्हा उघडतो, आणि जुनी विनंती वर्कर अडवून बसलेलीच असते.

एफपीएमची सद्यस्थिती दाखवणारे स्टेटस पान उपयोगी आहे, पण त्यात एक खोच आहे. युनिक्स सॉकेट असेल तर 'लिसन क्यू' (रांगेतल्या विनंत्यांचा आकडा) कायम ० दिसतो, म्हणून खरी रांग लिनक्सच्या 'एसएस' कमांडने पाहावी लागते. सगळे वर्कर अडकले की हे पानही रांगेत अडकते. पीएचपी ८.० पासून स्टेटसला स्वतंत्र पत्ता देता येतो; तो द्याच.

सर्वांत मोलाची सोय स्लोलॉगची, म्हणजे रेंगाळलेल्या विनंत्यांच्या नोंदीची. मर्यादा ५ सेकंद ठेवली की कोड नेमका कोणत्या ओळीवर तुंबला ते कळते, आणि अनेकदा वर्कर वाढवण्याऐवजी डेटाबेसमध्ये एक इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकून भागते. विनंती जबरदस्तीने संपवणारा टर्मिनेट टाइमआउटही ३० सेकंदांवर आणा. पीएचपीची स्वतःची वेळमर्यादा लिनक्सवर डेटाबेसची वाट पाहण्यातला वेळ मोजतच नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका. अहवाल, एक्सपोर्ट अशा रेंगाळणाऱ्या कामांना तीन वर्करांचा वेगळा पूल (गट) आणि त्याची वेगळी, सैल वेळमर्यादा द्या.

बदल केल्यावर आधी '-टी' पर्यायाने कॉन्फिग तपासा, मग रीलोड करा. प्रोसेस कंट्रोल टाइमआउट (चालू विनंत्या संपण्याची वाट पाहण्याचा वेळ) मुळात ० आहे, म्हणजे रीलोडच्या क्षणी चालू असलेल्या विनंत्या अर्ध्यावर तुटतात. तो आधी २० सेकंद करा.