ऑटो ब्रॅकेट क्लोजिंग: आठ महिन्यांनी अर्धं बंद केलं

आठ महिने रोज पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत कोड लिहितेय. कंस उघडला की बंद करणारा एडिटरच (ज्यात कोड लिहिते ते सॉफ्टवेअर) टाकणार, हे सेटिंग सुरुवातीला होतं तसंच ठेवलं होतं. रिकाम्या ओळीवर नवीन कोड लिहिताना ते मस्त चालतं, बोटं सवयीने बंद करणारा कंस मारतातच पण एडिटर दुसरा न टाकता कर्सर फक्त पुढे सरकवतो. शब्द सिलेक्ट करून कोट (अवतरणचिन्ह) दाबला की दोन्ही बाजूंनी कोट लागतात, हे तर मला फारच आवडतं.

वैताग येतो जुन्या कोडमध्ये. कंसात लिहिता लिहिता वर जाऊन व्हेरिएबलचं नाव बघून आले, परत येऊन कंस बंद केला की दोन कंस! कर्सर त्या जोडीच्या बाहेर गेला की हा कंस आपणच टाकला होता हे एडिटर विसरतो, मग माझा कंस तो नवीन धरतो. हे कळायला मला तीन महिने लागले, तोपर्यंत माझंच काहीतरी चुकतंय असं वाटायचं.

मग पुढचा कंस कोणीही टाकलेला असो, नेहमी त्याच्यावरूनच पुढे जा, असं सेटिंग केलं. ते तर जास्त महागात पडलं. एकात एक दोन फंक्शन असतील आणि आतला कंस राहिला असेल तर मी तो टाइप करते आणि कर्सर नुसता बाहेरच्या कंसापलीकडे जातो, टाकला असं वाटतं पण पडतच नाही. पायथॉन आवृत्ती 3.10 पासून कुठला कंस उघडा राहिला ते नीट सांगतं, पण आमच्या सर्व्हरवर 3.8 आहे, तिथे एरर पुढच्याच ओळीवर दिसते आणि त्या ओळीत काहीच चुकलेलं नसतं. एका संध्याकाळी यात पाऊण तास गेला माझा.

आता ते सेटिंग परत पहिल्यासारखं केलंय, कोट आपोआप बंद होणं पूर्ण बंद, आणि कंस फक्त पुढे मोकळी जागा असेल तरच बंद होतो. जुन्या ओळीत मधेच कंस घातला तर मला जिथे हवा तिथे मीच बंद करते, त्रास बराच कमी झालाय. महिरपी कंस मात्र आपोआपच हवा, डिक्शनरी (महिरपी कंसात लिहायच्या नाव-किंमत जोड्या) लिहिताना त्याच्याशिवाय नको वाटतं.

एक अडचण अजून आहेच, तीन कंसांतून बाहेर यायला तीनदा उजवा बाण दाबायचा, एंड दाबावं तर लॅपटॉपवर त्याला एफएन बटणही लागतं आणि कर्सर थेट ओळीच्या शेवटी जातो. कोणाला यावर चांगला शॉर्टकट माहीत असेल तर नक्की सांगा.