न्युरेम्बर्गचं व्हिवानेस: शिक्क्याच्या पुढे काय पाहायचं

नैसर्गिक सौंदर्यप्रसाधनांचं दुकान किंवा छोटा कारखाना चालवणाऱ्यांनी जर्मनीतलं व्हिवानेस हे प्रदर्शन एकदा तरी पाहावं. हे बायोफाख या सेंद्रिय अन्नाच्या प्रदर्शनाला जोडून भरतं. २०२४ मध्ये ते १३ ते १६ फेब्रुवारीला, हॉल ३सी मध्ये होतं. प्रवेश फक्त व्यावसायिकांना, त्यामुळे नोंदणी करताना व्यवसायाचा पुरावा तयार ठेवा. मुख्य स्थानकावरून यू१ मेट्रो थेट ‘मेसे’ला, म्हणजे प्रदर्शनाच्या जागी पोचवते.

प्रदर्शनाची खरी ताकद म्हणजे प्रवेशाची चाळणी. कॉसमॉस, नेट्रू यांसारख्या नैसर्गिक आणि सेंद्रिय सौंदर्यप्रसाधनांच्या मानकांच्या निकषांत बसणारा मालच इथे मांडता येतो. नुसतं ‘हर्बल’ लिहून भागत नाही. तरी मालावरचा मानकाचा शिक्का नीट वाचा. ‘कॉसमॉस ऑरगॅनिक’साठी एकूण मालात साधारण २० टक्के सेंद्रिय घटक लागतात, शाम्पूसारख्या धुऊन टाकायच्या मालात १० टक्के पुरतात. आकडा एवढा कमी, कारण मालात पाणीच जास्त आणि पाणी सेंद्रिय धरत नाहीत. ‘कॉसमॉस नॅचरल’ला अशी किमान अटच नाही. प्रमाणपत्र मागा आणि त्यावर कंपनीचंच नव्हे, त्या उत्पादनाचं नाव आहे का ते तपासा.

पण माल आपल्याकडे चालेल का, हे कुठलाच शिक्का सांगत नाही. सनस्क्रीनचंच घ्या. या मानकांत झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड हेच फिल्टर, म्हणजे ऊन अडवणारे घटक, चालतात. गोऱ्या हातावर ते दिसत नाहीत, सावळ्या कातडीवर राखेसारखा पांढरा थर उठतो. पुरेसं लावा, दहा मिनिटं थांबा आणि हॉलच्या दिव्यांत नव्हे, बाहेर उजेडात जाऊन पाहा.

शाम्पूच्या वड्यांबाबत तर पहिला प्रश्न हाच: हा साबण आहे की सिंडेट, म्हणजे साबणाऐवजी कृत्रिम डिटर्जंटची वडी? तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून केलेल्या साबणाचा पीएच ९-१० असतो, म्हणजे तो अल्कधर्मी असतो. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की केसांवर चिकट थर बसतो, आणि गिऱ्हाईक वडी परत आणतं. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट या डिटर्जंटवर बनवलेल्या सिंडेट वडीत हा त्रास होत नाही. घटकांच्या यादीत पहिलंच नाव पाहिलं की उलगडा होतो.

वासाचे नमुने पाच-सहाच घ्या. पुढे नाक काम करत नाही. मागणी नोंदवण्याआधी किमान नग, उरलेली मुदत आणि उघडल्यावर किती महिने टिकतं, हे लेखी घ्या. भारतात आणायचं तर कॉस्मेटिक्स नियम, २०२० नुसार आयातीआधी नोंदणी लागते. त्यासाठीची कागदपत्रं उत्पादक देणार का, हे स्टॉलवरच विचारा. टाळाटाळ झाली तर माल कितीही आवडला तरी पुढच्या स्टॉलकडे वळा.